पावती

खानापुरात सोसायटीच्या गोदामावर दोन खोल्या,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
आणि एक खुर्ची, श्वास घेतला तरी कुरकुरणारी.
मी इथे जाहिराती विकायला आलो होतो:
कौलं, कोंबडीखाद्य, सोन्यावर कर्ज.
आईच्या तेराव्यापासून
देवाचं नाव घेतलं नव्हतं. अडलंही नव्हतं काही.

मग मॅडमच्या डोक्यात जीप आली.
कणकुंबीकडच्या रानातल्या वाड्यांसाठी,
जिथून बाळंतिणीला अजून
घोंगड्याच्या झोळीतून आणतात
आणि ओढ्यापाशी खांदे बदलतात.
"आठच्या बातम्यांनंतर रोज अर्धा तास तू माग," म्हणाल्या,
"पंधरा मिनिटं मराठीत, पंधरा कन्नडात."

मला विकता येत होतं. मागता येत नव्हतं.
पहिल्या आठवड्यात अकराशे चाळीस,
त्यातले पाचशे मॅडमचेच.

शनिवारी लाल दिवा लागला
आणि तोंडून निघून गेलं:
चिरेवाडीचे लुमाण्णा घाडी, रुपये पाच हजार!
असा कुणी नव्हता.
नाव एका जुन्या वीजबिलावरचं,
गाव बसच्या पाटीवरचं,
पाटी कन्नडात होती, मी मराठीत वाचली, इतकंच.

खोट्याला पाय नसतात म्हणे.
ह्याला चपलाही होत्या.
बुधवारी दुपारी जिन्यावर वाजल्या.

"मीच लुमाण्णा घाडी वो.
पाच हजार दिलो म्हणून सांगितलासा रेडिओत.
मी दिलो नाही अजून."
खुर्ची कुरकुरली. मी नाही.
"गावात सगळे हात जोडूलेत मला.
देवळाच्या कट्ट्यावर जागा करून देतात.
सून चहात साखर जास्ती घालती.
आता नाही म्हणून कसं सांगू?"
कनवटीतून पाचशेची नोट, चार घड्यांची.
"बाकीचे काजू गेल्यावर. हप्त्यानं."
आणि वाकून, हळूच:
"पावतीला तारीख तेवढी मागची घाला की."

मी शनिवार घातला.
'घाडी'ची वेलांटी कागदाबाहेर गेली.

पावती. हजारदा लिहिलेला शब्द,
कौलांच्या, खाद्याच्या बिलांवर;
त्यात पावणं आहे हे दिसलं नव्हतं कधी.
कोण कुणाला पावलं, अजून सांगता येत नाही.
देव म्हणावं, तर तो उधारीवर आला,
हप्ते बांधून गेला,
आणि उतरताना जिन्याच्या तुळईला
डोकं आपटलं त्याचं.

त्यानंतर रचलं नाही काही. आलं तेवढंच वाचतो.
मष्णू कुंभार, वीस.
भरमाण्णा बिर्जे, शंभर, भट्टी नीट निघाली म्हणून.
अंतोन फर्नांडिस, बेकरी, साडेतीनशे.
दस्तगीर पंक्चरवाले, सत्तर, आणि म्हणाले,
जीपची चाकं माझ्याकडे पाठवा.
नंदगडची एक बाई फोनवर: "हेसरु ब्याड्री."
नाव नको.
बरं, किती?
ते उद्या सांगीन, म्हणाली, आज नुसतं लिहून ठेवा.
मी लिहिलं: एक बाई. पुढे रिकामं.
पंधरा-पंधरा मिनिटांची वाटणी
तिथेच कुठेतरी मोडली.
नाव कुठल्या भाषेत वाचणार तुम्ही?

जीप आली. जुनी, निळी,
हॉर्न फक्त उतारावर वाजतो तिचा.
लुमाण्णांचे सतराशे यायचेत अजून.
दोन महिने झाले, चपला वाजल्या नाहीत.
निरोप धाडा, म्हणतात मॅडम. मी धाडत नाही.

रोज आठनंतर अंड्यांच्या ट्रेंशी बोलतो मी,
पलीकडे कुणी आहे असं धरून.
आई बोलायची असंच,
दिवेलागणीला, कोनाड्याशी,
आणि मी आतल्या खोलीतून विचारायचो,
कोण आलंय गं?

यादी संपली की चार सेकंद गप्प राहतो.
रेडिओत चार सेकंद म्हणजे फार.
लोकांना वाटतं, सेट बिघडला.
वाटू दे.
कुणीतरी जिना चढत असेल.